दारात हजेरी घेणाऱ्या साळवेबाई

साळवेबाई हजेरी शाळेत घेत नसत. ती त्या आमच्या दारात येऊन घेत. सकाळी राजूरहून निघालेली जीप खाली ओढ्यापाशी थांबायची. तिथून आमची उंबरवाडी अर्ध्या तासाच्या चढावर. पदर कमरेला खोचलेला, हजेरीपट प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून काखेत धरलेला, अशा बाई चढून यायच्या आणि शाळेचं कुलूप काढण्याआधी एकेका अंगणात उभ्या राहून नाव पुकारायच्या. "सगुणा लक्ष्मण!" मी चुलीपुढे असो, शेरडं सोडत असो की अजून गोधडीत असो, आतून "हजर, बाई!" असं ओरडावंच लागायचं. मग उभ्या उभ्या पटावर खूण करत त्या म्हणायच्या, "तोंडाने हजर झालीस, आता पायांनी हो." वाडी फिरून होईपर्यंत त्यांच्यामागे पोरांची लांब रांग लागलेली असायची.

शाळेत हजेरी घेतली तर मूल आलं नाही एवढंच कळतं, का आलं नाही ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दारात उभं राहिलं की कुणाला ताप आहे, कुणाची आई बाळंत झाली, कुणाच्या घरात रात्री भांडण झालं, सगळं न विचारता कळायचं. त्याप्रमाणे मग कुणाला गोळी मिळे, कुणाला त्या दिवशी गृहपाठ माफ होई.

माझे आजोबा, धावजीबाबा, ओट्यावर विडी ओढत बसलेले असायचे. एकदा बाईंनी माझं नाव घेतलं तेव्हा मी पाण्याला गेले होते. बाबांनीच ओट्यावरून सांगून टाकलं, "हजर हाय!" बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. उद्यापासून घेते." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच माझ्या नावापाठोपाठ त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "धावजी गोमा!" बाबांनी विडी टाकली, धोतर झटकलं आणि उभे राहून म्हणाले, "हजर." त्याआधी त्यांचं पूर्ण नाव फक्त जंगल खात्याच्या माणसाने घेतलं होतं, तेही दरडावून.

बाई मूळच्या नगरच्या. नाव मार्था. तीन-चार पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं घराणं, वडील सुतारकाम करणारे. डोंगरातल्या शाळेवर दोन वर्षं काढली की बदली मिळते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नवरा नगरला एका दवाखान्यात कंपाउंडर आणि लहानगी लेक रूथ तिथेच आजीपाशी. बाई राजूरला खोली घेऊन राहिल्या आणि एका आड एक शनिवारी नगरला जाऊ लागल्या. दोन वर्षं सरली, बदलीचा अर्ज करायची वेळ आली आणि गेली. बाईंनी अर्ज केला नाही. त्या आमच्या वाडीतूनच रिटायर झाल्या.

सुरुवातीला वाडीत कुजबुज झाली होतीच. ही किरिस्ताव बाई पोरं बाटवील, असं काही म्हाताऱ्या बोलायच्या. बाईंच्या कानावर ते गेलं. त्यांनी सभा बोलावली नाही की कुणाला जाब विचारला नाही. पुढच्या नाताळाला नगरहून येताना त्या करंज्यांचा मोठा डबा घेऊन आल्या आणि सगळ्यात जास्त बोलणाऱ्या गोदाआजीच्या ओट्यावर जाऊन बसल्या. "आजी, खाऊन सांगा, तुमच्या दिवाळीच्या करंजीहून वेगळी लागते का?" गोदाआजीने एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि म्हणाली, "सारन जरा कमीच हाय." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. उलट पुढची कितीतरी वर्षं गोदाआजी नाताळ जवळ आला की विचारायची, "औंदा सारन नीट भरनार ना, बाई?"

मी पहिलीत बसले तेव्हा मला शाळेची भीती वाटायची, कारण मोठी पोरं सांगत की तिथे आपलं बोलणं चालत नाही. 'हाय' म्हटलं की छडी, 'न्हाई' म्हटलं की छडी, हा त्यांचा बाईंच्या आधीचा अनुभव. साळवेबाईंनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'घरचं', दुसऱ्या बाजूला 'पुस्तकाचं'. आम्ही बोलू तो शब्द त्या आधी घरच्या बाजूला लिहीत, मग त्याचा पुस्तकातला भाऊ शोधून समोर मांडत. 'हुतं' आणि 'होतं', 'कवा' आणि 'केव्हा', 'गेल्तो' आणि 'गेलो होतो'. "दोन्ही तुमचीच बोलणी आहेत," त्या सांगत. "एक आईने दिलंय, एक मी देते. कुठलं कुठे वापरायचं ते तुम्ही ठरवा. पण माझं घेतलं म्हणून आईचं टाकायचं नाही." आमच्या बाजूचे काही शब्द असे होते की त्यांना पुस्तकात भाऊच सापडायचा नाही. तेव्हा बाई खडू थांबवून म्हणत, "बघा, पुस्तक इथे गरीब पडलं."

तपासणीला एकदा तालुक्याहून एक साहेब आले. त्यांनी आम्हाला आगगाडीचं चित्र दाखवून विचारलं, हिला डबे किती असतात? आमच्यापैकी कुणी आगगाडी पाहिलेली नव्हती. सगळे खाली माना घालून बसलो. साहेब कागदावर काहीतरी लिहू लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आता मुलांनाही एक प्रश्न विचारू द्या." आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मी उभी राहून विचारलं, "साहेब, भाताची आवनी करताना एका जागी रोपाच्या काड्या किती लावत्यात?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. मागून पोरं बोटं दाखवायला लागली, कुणी तीन, कुणी चार. बाई म्हणाल्या, "दोन्हीकडे थोडं शिकायचं बाकी आहे, साहेब." साहेब भला माणूस निघाला. हसला, मांडी घालून आमच्यात बसला आणि जाताना शेऱ्यात लिहून गेला की विद्यार्थी प्रश्न विचारतात.

पण साळवेबाई कोण होत्या हे मला कळलं ते मी चौथीत असताना.

भात काढून झाला, दिवाळी झाली की आमची वाडी रिकामी व्हायची. माणसं नारायणगावच्या बाजूला टोमॅटो, कांद्याच्या कामाला जायची ती शिमग्यापर्यंत. पोरं बरोबरच जायची, कारण मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्याने ती आवरायची कशी? त्या वर्षी माझा भाऊ किसन दीड वर्षाचा होता. आई तोडणीला वाकली की त्याला सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून मीही गेले. पाटी-दप्तर धावजीबाबांकडे ठेवलं. चौथी पास झाले असते तर राजूरच्या आश्रमशाळेत पाचवीला जाता आलं असतं. पण वाडीतली एकही मुलगी तोवर पाचवीला गेली नव्हती, त्यामुळे काही गमावतोय असंही कुणाला वाटलं नाही. मलासुद्धा नाही.

तीन आठवडे झाले असतील. रविवार होता. टोमॅटोच्या वावराच्या बांधावर मी किसनला कडेवर घेऊन उभी होते. लांबून पांदीने कुणीतरी चालत येताना दिसलं. काखेतल्या प्लॅस्टिकच्या गुंडाळीवरून मी ओळखलं. बाई आदल्या दिवशीच निघाल्या होत्या. कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर अशा एसट्या बदलत, वाटेत एका ओळखीच्या शिक्षिकेकडे मुक्काम करून, पहाटे नारायणगावला मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. टोळ्या कामाला निघायच्या वेळी एकेकाला विचारत होत्या, "उंबरवाडीचे कुणी आहेत का?" कुणीतरी गावाचं नाव सांगितलं, कुणीतरी मळ्याचं. दुपार व्हायला आली होती. चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी सुतळीने बांधला होता.

बांधावर येऊन त्यांनी आधी पाणी मागितलं नाही. हजेरीपट उघडला आणि म्हणाल्या, "सगुणा लक्ष्मण."

मी किसनला कडेवर सावरलं. कसंबसं म्हटलं, "हजर, बाई."

माझा बा सरीतून उठून आला. हात चिखलाने, रसाने हिरवे-काळे झालेले. त्याला बाईंना बघून आनंद झाला आणि त्या का आल्यात हे कळून तो गोंधळलाही. "बाई, येवढ्या लांब कशाला आल्या तुमी? म्या काय पोरीला मारून आनली न्हाई. बारक्याला कोन बघंल सांगा?"

"मी तुम्हाला दोष द्यायला आले नाही, लक्ष्मणभाऊ."

"मंग?"

"सगुणाला न्यायला आलेय. ती चौथी पास होऊ शकते, आणि पुढंही शिकू शकते. हे मी तुम्हाला वावरात येऊन सांगितलं नसतं तर मला झोप लागली नसती."

"आन् बारक्या?"

बाईंनी किसनकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे पाहून टोमॅटो चोखत होता. "त्यालाही द्या," त्या म्हणाल्या.

बा हसायलाच लागला. "ह्याला? ह्यो काय शिकनार शाळंत?"

"काही नाही शिकणार. झोपेल. वर्गाच्या आढ्याला झोळी बांधते. धावजीबाबा वाडीतच आहेत ना? ते झोका देतील. दुपारी मी भात करीन तो तिघं खातील."

आई तोवर टोपली ठेवून आली होती. ती फार बोलणारी नव्हती. तिने एवढंच विचारलं, "बाई, तुमी रोज राजूरला जानार. सांजच्याला पोरं कुनाजवळ?"

"मी राजूरला जाणार नाही. शाळेतच राहीन, शिमगा होईस्तोवर."

आईने बाच्या तोंडाकडे पाहिलं. बा मातीकडे बघत राहिला. पटवून द्यायला लागलेलं माणूस मी पुष्कळदा पाहिलंय, ते गप्प बसत नाही. बाई गप्प बसल्या, पायाशी पडलेली रिकामी टोपली उचलली आणि आईच्या सरीत जाऊन तोडायला लागल्या. संध्याकाळी बा म्हणाला, "न्या. पन ही पोर नापास झाली तर म्या फिरून कुनाचं आयकनार न्हाई."

"नापास झाली तर मीच येईन तुमच्याबरोबर तोडणीला," बाई म्हणाल्या.

आम्ही परत आलो. ही बातमी टोळ्यांमधून फिरली आणि पंधरा दिवसांत आणखी नऊ पोरं वाडीला परत आली, कुणी मामाबरोबर, कुणी एसटीत एकटं. शाळेच्या एकाच खोलीत दिवसा वर्ग भरायचा आणि संध्याकाळी पथाऱ्या पडायच्या. आढ्याला किसनची झोळी. धावजीबाबा भिंतीला टेकून दोरी ओढत बसायचे आणि आमच्याबरोबर पाढे म्हणायचे. पंधरापर्यंतचे पाढे त्यांना पाठ झाले. किसन पहिलं वाक्य बोलला ते "बे एकं बे".

त्या वर्षी नाताळाला बाई नगरला गेल्या नाहीत. त्यांचा नवरा रूथला घेऊन वाडीवर आला. चांगला मनुष्य. बोलणं कमी. आल्या आल्या त्याने शाळेच्या दारावर कागदी चांदणी लावली आणि पोरांच्या जखमा बघायला बसला. रूथ माझ्याच वयाची. निळा फ्रॉक, पायात मोजे. मी तिला करवंदाच्या जाळीपर्यंत फिरवून आणलं. येताना ती अचानक म्हणाली, "आमची आई तुमच्याकडेच असते." चिडून नाही, साधंच म्हणाली. आमच्या वाडीला जे मिळालं ते कुणाच्या तरी घरातून आलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी ते कधी विसरले नाही.

मी चौथी पास झाले. केंद्रात दुसरी आले. राजूरच्या आश्रमशाळेत माझं नाव घालायला बा स्वतः आला, नवा सदरा घालून. पुढच्या वर्षी वाडीतल्या तीन मुली गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी पाच. आता कुणी मोजत नाही, कारण जातातच. किसन शेतकी पदवीधर झाला आणि टोमॅटोच्या रोपांची स्वतःची रोपवाटिका चालवतो. मी बारावीनंतर एसटीत कंडक्टर म्हणून लागले, अकोले डेपोत. अंगावर खाकी चढवून पहिल्यांदा वाडीला गेले तेव्हा बाईंनी मला वर्गापुढे उभं केलं आणि पोरांना म्हणाल्या, "ही आता सगळ्यांना जागेवर पोचवणार."

मला माझा फार अभिमान वाटू लागला होता, आणि तो उतरवलाही बाईंनीच.

त्या रिटायर झाल्यानंतरची गोष्ट. दुपारची राजूर-अकोले गाडी, गर्दी चिक्कार. एक ठाकर म्हातारी डोक्यावरचं गाठोडं सावरत म्हणाली, "पोरी, मला त्या मोरीच्या फुडं पिपळापशी उतरिव गं." मी वैतागलेली होते. म्हटलं, "आजी, स्टॉपचं नाव सांगा. नीट बोलता येत नाही का? ही एसटी आहे, तुमचं रान नाही." म्हातारी एवढीशी झाली. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक बाई उठल्या आणि दांड्याला धरत धरत म्हातारीपाशी आल्या. साळवेबाई. वाडीत लग्नाला येऊन परत निघाल्या होत्या, गर्दीत मला दिसल्याच नव्हत्या. त्यांनी म्हातारीला आमच्याच बोलीत विचारलं, "कुनाकडं निघालीस गं माय? लेकीकडं व्हय?" म्हातारीचा चेहरा खुलला. बाईंनी मला सांगितलं, "ओढ्यावरची मोरी गेल्यावर पिंपळापाशी घंटी दे." मी दिली.

अकोल्याच्या स्टँडवर उतरताना त्या माझ्याजवळ थांबल्या. आवाज चढवला नाही. "सगुणा, पुस्तकाचं बोलणं मी तुला दिलं, ते कुणाला गप्प करायला नाही." आणि निघून गेल्या. मी गाडीच्या पायरीवर खाकी गणवेशात रडले. ड्रायव्हर विचारत राहिला, काय झालं. तेव्हापासून माझ्या गाडीत कुणीही डोंगरातलं माणूस चढलं की मी आधी आईने दिलेलं बोलते. पुष्कळ वर्षं झाली, एकदाही चुकले नाही.

गेल्या हिवाळ्यात किसनचा फोन आला. बाई गेल्या. सकाळी चहा घेता घेता, त्रास न होता. मी रजेचा अर्ज लिहिला. मयताशी नातं काय, या रकान्यात 'बाई' असं लिहिलं. क्लार्कने पेन पुढे केलं. "आई लिहायचंय ना? चुकून ब झालाय."

"नाही. बाईच."

"असं नातं नसतं, मॅडम." तो अर्ज घेऊन आत गेला. आमचे डेपो मॅनेजर पारनेरकडचे, कोरडवाहू गावातले, तिथली माणसंही अशीच पोरं घेऊन कामाला बाहेर पडतात. काचेतून दिसलं, त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि काही न विचारता सही केली.

वाडीतून तीन जीप भरून माणसं नगरला आली. चर्चमध्ये आम्ही मागे भिंतीला लागून उभे राहिलो, तर पाळकसाहेबांनी पुढे बोलावून बसवलं. दफन झाल्यावर आम्ही घरी गेलो. रूथताईंनी सगळ्यांना चहा दिला. त्या आता नगरलाच बँकेत आहेत. केस पांढरे व्हायला लागलेत, चेहरा हुबेहूब बाईंचा. चहा झाल्यावर त्या माझ्या म्हाताऱ्या बाच्या शेजारी येऊन बसल्या. "काका, कबरीच्या दगडावर नावाखाली एक ओळ कोरतात. आई काही सांगून गेली नाही. तुम्ही सांगा, काय लिहू?"

आमच्यातला एकजण म्हणाला, "आदर्श शिक्षिका लिवा."

"त्ये कुनालाबी लिवत्यात," बा म्हणाला. त्याने काठी मांडीवर आडवी घेतली. "आमच्याकडली मानसं आजून त्यास्नी नगरच्या बाई म्हनत्यात. पन त्या नगरच्या किती दिस हुत्या, सांगा बरं? जलम तर समदा आमच्यात गेला. लिवा, उंबरवाडीच्या."

मी रूथताईंकडे बघायला धजत नव्हते. बा त्यांच्याच घरात बसून त्यांची आई मागत होता.

रूथताई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात वही आणि पेन होतं. वही बाच्या पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताने लिहून द्या, काका. कारागिराला तसंच कोरायला सांगते. आईला आवडेल."

बाला लिहायला बाईंनीच शिकवलं होतं, वयाच्या पन्नाशीत, किसनच्या पाटीवर. त्याने चष्मा लावला, जीभ दातांत धरली आणि एकेक अक्षर वेगळं काढत ओळ पुरी केली. डोळे भरून आले तशी त्याने वही लांब सरकवली. म्हणाला, "वली झाली तर अक्षर फुटंल."

दगड आता बसला आहे. वर मार्था साळवे हे नाव छापील, सरळ अक्षरात आणि खाली बाच्या हातची वाकडी ओळ. नगरला गेले की मी तिथे जाऊन येते. शेजारच्या कबरींवर फुलं ठेवायला आलेली माणसं कधी कधी थांबून वाचतात आणि मला विचारतात, "ही उंबरवाडी कुठे आली हो?"

मी म्हणते, बसा, सांगते.